सबनीस साहेबांचे निळे ओठ

बुधवार, २५ डिसेंबर १९७४. सायंकाळचे सव्वापाच. रसायनीतल्या एका रंगाच्या कारखान्याची कॉलनी, 'ब' ओळ, शेवटची दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसलेले वर्क्स मॅनेजर सबनीस साहेब यांचे ओठ निळे झाले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फळ्यावर नोटीस लागली, की 'किरकोळ तांत्रिक कारणामुळे' संध्याकाळच्या पाळीचं काम काही काळ बंद ठेवावं लागलं. ही नोटीस सपशेल खोटी आहे. कारण किरकोळ नव्हतं आणि तांत्रिक तर मुळीच नव्हतं. कारण गोल होतं, वीतभर उंच होतं, त्यात मनुके होते आणि ते स्टोअर्समधल्या धर्माजी गायकवाडने स्वतःच्या हातांनी सजवलं होतं. फळ्यावर खरं लिहायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून ते इथे लिहावं लागतं आहे.

धर्माजी मूळचा कडावचा. कारखान्यात कारकुनी मिळाली तशी कॉलनीत एक खोलीही मिळाली. त्या एका खोलीत धर्माजी, त्याची बायको चंद्रभागा, तीन पोरं आणि आई सोनुबाई, एवढी माणसं राहत. ही खोली आखणाऱ्याने माणसाला आई असते हे गृहीतच धरलेलं नव्हतं. सोनुबाई हाडापेराने उंच. तिची पथारी चुलीच्या ओट्याखाली पडे आणि पाय लांब केले की ते रॉकेलच्या डब्याला लागत. म्हणून ती गुडघे पोटाशी घेऊन झोपे. सकाळी उठली की ते गुडघे सरळ व्हायला चहाची वेळ टळून जाई.

"धर्मा," ती एकदा म्हणाली होती, "मेल्यावर तरी माजे पाय सरळ करशील ना रं?"

त्या दिवसापासून धर्माजीचं लक्ष ओळीच्या टोकाच्या दोन खोल्यांच्या जागेवर होतं.

तिथे पास्कल तुस्कानो राहत. वसईकडचे, शिफ्ट इनचार्ज, मोकळा माणूस. नव्या वर्षात त्यांची गुजरातेतल्या कारखान्यावर बदली व्हायची होती. जागा रिकामी होणार आणि ती कुणाला द्यायची हे सबनीस साहेबांच्या हातात. अर्ज तर अर्ध्या कॉलनीने केले होते. तुस्कानोंनी धर्माजीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की नाताळच्या चहाला साहेब सपत्नीक येणार आहेत, केक खाऊन खुशीत आले की मी शब्द टाकतो. तोंड गोड असलं की साहेबलोकांना 'नाही' म्हणायला जड जातं.

म्हणजे एका म्हातारीचे पाय आणि एक केक यांची गाठ अशी पडली.

आता केक दरवर्षी तुस्कानोंची बायको इस्तेर करत असे. यंदाही केला. पण भट्टीतून काढताना पत्र्याची कड उजव्या हाताला लागून पंजा भाजला. केक झाला, पण त्याच्यावरचा साखरेचा पांढरा लेप आणि वरची नक्षी राहिली. नाताळ दुसऱ्या दिवसावर आलेला. हाताला पट्टी बांधून इस्तेर हिरमुसून बसली होती, तेवढ्यात धर्माजी तिथे आला आणि दोन शब्द बोलून गेला.

"द्या इकडे."

हे दोन शब्द त्याने का उच्चारले, याला थोडी पूर्वपीठिका आहे. चौदा एप्रिलला कॉलनीतला मंच दरवर्षी धर्माजीच सजवी. थर्मोकोलचं अशोकचक्र, क्रेपच्या झालरी, कमानीवर चमकीची अक्षरं. खालापूरहून येणारे पाहुणेसुद्धा कमानीखाली थांबून वर बघत. थर्मोकोल पांढरा, केकवरचा लेपही पांढरा. मग फरक तो काय? (फरक एवढाच, की थर्मोकोल कुणी खात नाही.)

इस्तेरने कृती तोंडी सांगितली. साखर अगदी बारीक दळायची, त्यात अंड्याचा पांढरा भाग, वर लिंबू, आणि फेटत राहायचं. धर्माजी केक डोक्यावर घेऊन घरी आला. वाटेत तिघांनी विचारलं, तिघांनाही त्याने सांगितलं. म्हणजे माघार घ्यायचा रस्ता त्याने स्वतःच बंद करून टाकला.

साखर रेशनची. ती चंद्रभागेने पाट्यावर वाटली. पाटा तिने घासून धुतला होता, पण त्या पाट्याने लग्नापासून रोज हळद खाल्लेली. ती अशी एका धुण्यात सोडते होय? लेप तयार झाला तो पिवळा. केकवर थोडा लावून पाहिला तर आणखी पिवळा दिसायला लागला. वास घेतला तर कुठूनतरी लसणाची चाहूलही येत होती.

सोनुबाईने डोळे बारीक करून पाहिलं आणि सांगितलं, "ह्याला कावीळ झाली हाय."

इथे चंद्रभागा पुढे झाली. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत त्या कॉलनीत तिचा शब्द शेवटचा होता. बुद्धवंदनेला बायका पांढऱ्या साड्या नेसून जमल्या की चंद्रभागेची साडी ओळीत वेगळी उठून दिसे. सहा डिसेंबरला दादरला जायचं म्हणून तिने घरादाराचे कपडे असे काही काढले होते, की धर्माजीच्या सदऱ्याकडे उन्हात बघवत नव्हतं. त्यातली अर्धी पुडी नीळ फळीवर शिल्लक होती. पिवळं पडलेलं पांढरं कसं करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने निळीची चिमूट फडक्यात बांधली, पाण्यात एकदा बुडवून पिळली आणि त्या पाण्याचे दोन थेंब लेपात टाकून फेटलं.

लेप पांढरा झाला. नुसता पांढरा नाही, बगळ्यासारखा. ही गोष्ट कुणाला खोटी वाटेल, पण ती खरी आहे, आणि चंद्रभागेच्या बाजूने एवढं तरी नोंदवलं गेलंच पाहिजे. तिचा हिशेब चुकला नव्हता. ती पाणी भरायला नळावर गेली आणि तिथे सगळं बिघडलं.

कारण मागे धर्माजी एकटा राहिला. दोन थेंबांत एवढा पांढरा, तर चिमूटभरात किती होईल, असा विचार त्याच्या मनात आला. (रंगाच्या कारखान्यात पिंपं मोजणाऱ्याच्या मनात असा विचार यावा, यावरून तिथे माणसं कशी नेमतात ते कळावं.) त्याने पुडीतली नीळ कोरडीच घेतली आणि मिठासारखी भुरभुरली. लेप फेटला, केकवर थापला, सुरीने गुळगुळीत केला. दिसायला काही वाईट दिसत नव्हतं.

दिवेलागणीला डाग फुटायला लागले. निळीचा कण विरघळला नाही की तो कपड्यावर कसा पसरत जातो हे धुणाऱ्या बाईला ठाऊक असतं. धर्माजी सदरे घालणारा होता, धुणारा नव्हता. एकेक कण वाटाण्याएवढा झाला, मग रुपयाएवढा. जिथे हळद जास्त होती तिथे हिरवा. सगळा केक देवी आल्यासारखा दिसायला लागला.

चंद्रभागा नळावरून आली, पाहिलं आणि पुडी हातात घेऊन हलवून बघितली. पुडी हलकी लागली.

"अवो, पुडीत हात कुनी घातला?"

धर्माजीने पोरांकडे पाहिलं. पोरांनी धर्माजीकडे पाहिलं.

साखर संपली होती, अंडी संपली होती. केक परत करायचा तर दोन खोल्यांची जागाही त्याच्याबरोबर परत करावी लागली असती. धर्माजी ओट्याखालच्या पथारीकडे बघत बसला. मग कमानी सजवणारा त्याच्यात जागा झाला. डाग जात नसतील तर सगळंच डाग करून टाकायचं. त्याने उरलेली नीळ पाण्यात कालवली आणि फडक्याने सगळा केक निळा करून टाकला. गर्द. वरून कडावच्या भाताच्या लाह्या एकेक करून टोचल्या, त्या झाल्या चांदण्या. मधोमध चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाची मोठी चांदणी. तुस्कानोंच्या दारावर नाताळात चांदणीचा कंदील टांगलेला असे तशी.

"पोटात जानार हाय ती नीळ," चंद्रभागा म्हणाली.

"केक आत हाय, नीळ वर हाय. मी सांगतो त्यास्नी, वरचं खरवडून खावा म्हनून."

"सांगशीला?"

"सांगतो म्हनलं ना."

सोनुबाई मात्र केकवरून नजर काढत नव्हती. "निळा तर आपला रंग," ती म्हणाली. "वाईट कसा दिसंल?"

खरं सांगायचं तर वाईट दिसत नव्हता. नाताळच्या दुपारी धर्माजीने तो तुस्कानोंच्या टेबलावर ठेवून वरचं फडकं काढलं तेव्हा इस्तेर खाली वाकून बघतच राहिली.

"हे त्या रात्रीचं आभाळ, वहिनी," तो चाचरत म्हणाला. "बाळ जन्मलं त्या रात्रीचं."

इस्तेरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मी इतकी वर्षं नुसता पांढरा करत बसले, आभाळ काही मला सुचलं नाही. तुस्कानोंनी धर्माजीचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. खरवडण्याबद्दल सांगायची वेळ हीच होती. पण डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला, हे आभाळ सुरीने खरवडा, असं सांगायचं कसं? चहाच्या वेळी सांगू, असं धर्माजीने ठरवलं. चहाच्या वेळी साहेब आले आणि सांगायचं राहूनच गेलं.

त्याआधी इस्तेरने एक गोष्ट केली. धर्माजीच्या पोरांसाठी म्हणून केकचा चांगला चतकोर कापून बशीत ठेवला आणि बशी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवली. ही खिडकी ध्यानात असू द्यावी. तिच्यासमोर हातभर बोळ आणि बोळापलीकडे डॉक्टर खांबेट्यांची खिडकी. खांबेटे हे कारखान्याचे डॉक्टर. ताप असो, मोडशी असो, ते एकच गुलाबी औषध देत आणि तुस्कानोंनी एकदा चारचौघांत त्याला सरबत म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. तुस्कानोंच्या घरच्या पाण्यालाही शिवणार नाही, असं डॉक्टरांनी दवाखान्यात सर्वांसमक्ष जाहीर केलेलं होतं.

सबनीस साहेबांनी केक पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. पहिला तुकडा खाऊन ते म्हणाले की चव वेगळी आहे, जर्मनीला ट्रेनिंगला होतो तेव्हा नेमका असाच खाल्ला होता. लाह्यांना ते बदाम समजले. दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला, बोटं चाटली आणि तिसऱ्याला तुस्कानो आग्रह करतील म्हणून थांबले. तुस्कानोंनी आग्रह केला. मिसेस सबनीसांना अंडं चालत नव्हतं, त्या नुसत्या बघत होत्या. धर्माजी दाराशी उभा राहून प्रत्येक घास मोजत होता.

मग तुस्कानोंनी शब्द टाकला. साहेबांनी रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "असा कलावंत माणूस एका खोलीत राहतो? ही जागा गायकवाडांनाच जायला हवी. उद्या ऑफिसात येऊन भेटा."

इस्तेरचा हात भाजलेला म्हणून चंद्रभागा कप विसळायला आली होती आणि तिच्याबरोबर आलेली सोनुबाई आत स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तिने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे फरशीवर दोन्ही पाय लांब केले. ते कशालाही लागले नाहीत. चंद्रभागेने पाहिलं आणि तोंड फिरवून कप विसळायला घेतले.

नेमक्या त्याच वेळी मिसेस सबनीस म्हणाल्या, "अहो, तुमचे ओठ."

निळे ओठ म्हणजे दुसरीकडे कुठे थंडी, कुठे जांभळं. रंगाच्या कारखान्यात निळे ओठ म्हणजे विषारी वाफ अंगात भिनली. तिथल्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कँटीनच्या भिंतीवर निळ्या ओठांच्या माणसाचं चित्र आहे आणि खाली लिहिलेलं आहे: 'ओठ निळे दिसताच दवाखान्यात धावा.' ते चित्र सबनीस साहेबांनीच लावून घेतलं होतं. ते उठून भिंतीवरच्या आरशापाशी गेले, तर आरशात त्यांना ते चित्रच दिसलं. ते परत खुर्चीत येऊन बसले.

तुस्कानो त्यांना धरायला वाकले तर साहेबांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. त्यांचेही ओठ निळे. इस्तेरचे निळे. सगळे एकमेकांकडे बोटं दाखवू लागले.

साहेबांचा ड्रायव्हर धावत जाऊन डॉक्टर खांबेट्यांना घेऊन आला. ते रुमालाने तोंड पुसतच आले. अबोला होता तरी कर्तव्य ते कर्तव्य. त्यांनी साहेबांच्या ओठांकडे बघितलं, नखं बघितली, आणि सकाळी प्लांटमध्ये गेला होतात का, एवढंच विचारलं. साहेब गेले होते. डॉक्टरांनी ड्रायव्हरला जीपसकट गेटवर पिटाळलं: वाफ कॉलनीपर्यंत पोचली आहे, भोंगा द्या, प्लांट रिकामा करा.

भोंगा झाला. संध्याकाळची आख्खी पाळी हातातलं टाकून मैदानावर पळाली. बंब निघाला. भोंगा ऐकून शेजारच्या गावातली माणसं म्हशी सोडून नदीच्या वरच्या अंगाला चालायला लागली. साहेबांना खुर्चीसकट परत आलेल्या जीपमध्ये घालायची तयारी झाली आणि मिसेस सबनीस मोठ्याने रडू लागल्या.

धर्माजी दाराशी उभा होता. बोललो नाही तर साहेब खोपोलीच्या इस्पितळापर्यंत जाऊन परत येतील, ओठ धुऊन निघतील, कुणाला कळणारही नाही, आणि उद्या ऑफिसात भेटायचं ठरलेलंच आहे. त्याने आत पाहिलं. आईचे पाय अजून लांबच होते. बाहेर कुणाची तरी बायको नवऱ्याला हाका मारत मैदानाकडे धावत गेली.

"साहेब, ती नीळ हाय," धर्माजी म्हणाला.

"कसली?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कपड्याची."

बाहेर भोंगा अजून वाजतच होता. तो बंद करायला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टर खांबेट्यांचा विश्वास बसेना. त्यांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि जिभा बाहेर काढायला लावल्या. साहेबांची निळी. तुस्कानोंची निळी. इस्तेरची निळी. धर्माजीची लालभडक.

"तू खाल्ला नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"मला ठाऊक व्हतं ना साहेब," धर्माजी म्हणाला. त्याच्या नोकरीतलं हे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत नुकसानीचं वाक्य.

मग डॉक्टरांचा तोल गेला. अडाणीपणा, बेजबाबदारपणा, उत्पादनाचं नुकसान, सगळ्यांवर ते तोंड वासून बोलले. ते बोलत असताना सोनुबाई भिंतीला धरून उठली, दारात आली आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"डाक्टर," ती म्हणाली, "समद्यांची बगितली. आता तुमची दावा की."

डॉक्टरांनी तोंड मिटलं. मिटल्या तोंडानेच त्यांनी साहेबांना नमस्कार केला, बॅग उचलली आणि मैदानावरच्या कामगारांना तपासायला हवं अशा अर्थाची खूण करून निघून गेले. इस्तेर पोरांसाठी ठेवलेली बशी आणायला मागच्या खिडकीकडे गेली. बशी होती. चाटूनपुसून स्वच्छ होती आणि तिच्यात एक चमचा होता. तो चमचा तुस्कानोंच्या घरचा नव्हता.

धर्माजीकडे लेखी खुलासा मागितला गेला, तो त्याने दिला. दोन खोल्यांची जागा त्याला मिळाली नाही. ती कुणालाच मिळाली नाही. '२५ डिसेंबरची घटना लक्षात घेता' तिथे कॉलनीचं प्रथमोपचार केंद्र करण्यात आलं, आणि पाटी रंगवायचं काम, हात चांगला म्हणून, धर्माजीकडे आलं. बाहेरच्या खोलीत एक लांबलचक लोखंडी खाट आहे. गुडघ्यांचं निमित्त करून सोनुबाई रोज दुपारी तिथे जाते, पाय सरळ करून झोपते आणि चहाच्या वेळी घरी येते. तिला कुणी उठवत नाही.

केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक रोग्याला डॉक्टर खांबेटे आधी जीभ दाखवायला सांगतात. सोनुबाईला त्यांनी आजवर एकदाही सांगितलेलं नाही. खिडकीतल्या चमच्याबद्दल कारखान्याने अजून कुणाकडेही खुलासा मागितलेला नाही.